पाहुण्याचा पाऊस

प्रवासास निघावे ते ऋतू पाहून, असे व्यवहारज्ञ लोक सांगतात. आणि ऋतू पाहणे म्हणजे बहुधा पाऊस टाळणे, एवढाच त्या सांगण्याचा अर्थ असतो. कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या बाबतीत या उपदेशास बाजारभावाचे रूप आलेले आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, युरोप व अमेरिका थंडीने गारठलेली असताना, तेथील पाहुणघरांचे दर शिगेस पोहोचलेले असतात. जून उजाडला आणि पावसाच्या सरी सुरू झाल्या की तेच दर झपाट्याने उतरतात. कारण १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्या भागातील चक्रीवादळांचा मोसम मानला गेला आहे. या मोसमाच्या दोन्ही टोकांस, म्हणजे वादळांनी अद्याप जोर धरलेला नसतो अशा जूनमध्ये, आणि त्यांचा जोर ओसरत आलेला असतो अशा नोव्हेंबरमध्ये, प्रवाशाची मोठी सोय होते. डोंगर हिरवे झालेले, धबधबे भरलेले, गर्दी नाही आणि भाडे कमी. हा सौदा फायद्याचा आहे यात संशय नाही. तो न्याय्य आहे काय, हा प्रश्न मात्र घरून निघण्यापूर्वी आम्हांस सुचला नव्हता. तो तेथे गेल्यावर सुचला, आणि परत आल्यावरही त्याने आमची पाठ सोडली नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आम्ही गेलो ते बेट ग्रेनेडा. विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १२ अंशांवर, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, हे ज्वालामुखींतून वर आलेले डोंगराळ बेट आहे. आसपासच्या लहान बेटांसह सर्व देशाचे क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढेही नाही. आणि लोकवस्ती सव्वा लाखाच्या आत. १९७४ साली हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने आपल्या निशाणावर जायफळ रेखाटले. यावरून त्या फळाचे तेथे काय स्थान आहे ते कळावे. आमची भाची तेथील वैद्यकीय विद्यालयात शिकत असल्यामुळे २०२५ च्या जून महिन्यात आम्हां उभयतांस तिकडे जाण्याचा योग आला. जून पसंत केला त्याचे एक कारण कॉलेजची सुटी, आणि दुसरे, लपविण्यात अर्थ नाही, प्राध्यापकाचा खिसा.

बेटाने आमचे स्वागत अशा रीतीने केले की आम्ही परदेशात आहो हेच काही काळ विसरलो. सेंट जॉर्जेस या राजधानीच्या गावाहून डोंगराकडे जाणारा रस्ता वळणे घेत चढू लागला, आणि दोन्ही अंगांस वेळूची बेटे, केळी आणि पुरुषभर उंचीचे नेचे दिसू लागले. ग्रँड एटांग नावाचे सरोवर एका निजलेल्या ज्वालामुखीच्या मुखात आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ते धुक्याने अर्धे झाकलेले होते, आणि सर आली की अर्धे पूर्ण होत होते. खाली गावात गुलमोहर फुलला होता. जेवणास जो पदार्थ वाढण्यात आला त्यास तेथील लोक राष्ट्रीय पक्वान्नाचा मान देतात: नीरफणसाच्या फोडी, अळूची पाने, नारळाचे दूध आणि हळद, हे सर्व एका मोठ्या पातेल्यात घालून रस आटेपर्यंत शिजवायचे. एरवी त्यात खारवलेले मांस असते. आमच्यासाठी ते वगळले होते. हळदीला ते लोक केशर म्हणतात, एवढाच फरक! १८५७ च्या मे महिन्यात मुदतबंदीच्या मजुरांचे पहिले जहाज हिंदुस्थानातून तेथे लागले, आणि पुढील तीनएक दशकांत तीन हजारांवर आपले देशबांधव तेथे उतरले. ते बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले, मराठी मुलखाशी त्यांचा संबंध नव्हता. तथापि त्या पातेल्यासमोर बसल्यावर आम्हांस नाते जोडण्याचा मोह झाला, हे कबूल करतो.

आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरील गुयाव्ह या कोळ्यांच्या गावाजवळ, एका वृद्ध बाईंच्या घरी होता. खालचे दोन खण त्या पाहुण्यांस देत आणि वर स्वतः राहत. घरामागच्या उतारावर त्यांची जायफळाची लहानशी बाग होती. अंगणातील पायवाटेवर खडीऐवजी जायफळाची करवंटी पसरलेली. पाऊस पडला की तिचा मंद वास येई. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाण्याने धार धरली होती. धबधबा पाहण्याचा आमचा बेत फिसकटल्यामुळे आम्ही जरा नाराजीनेच त्यांस विचारले, "बाई, हा पाऊस केव्हा उघडेल?" त्या हसून म्हणाल्या, "तो उघडला असता तर तुम्ही पाहायला आला असता काय? धबधबा पाऊसच आहे, फक्त आधी पडलेला." आमच्या प्रश्नात जी तक्रार होती ती त्यांनी ओळखली होती, आणि तिचे उत्तर देताना पाहुण्याचा मानही राखला होता. आम्ही निरुत्तर झालो.

मग दिवसभर घरात बसणे आले, आणि बाई बोलत्या झाल्या. १९५५ साली जॅनेट नावाचे चक्रीवादळ त्या बेटावर आले होते, तेव्हा त्या तान्ह्या होत्या. त्याची हकीकत त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे तसे काही घडले नाही. आपले बेट दक्षिणेस आहे, वादळांची वाट उत्तरेकडून जाते, अशी लोकांची खात्री होऊन बसली. मग ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन आले. एका दिवसात देशातील दहांपैकी नऊ घरांची हानी झाली, एकोणचाळीस माणसे दगावली, आणि नुकसानीचा अंदाज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट भरला. इंडोनेशियाच्या खालोखाल जगास जायफळ पुरविणारा तो देश. त्याची बहुतेक झाडे आडवी झाली. बाईंचे छप्पर शेजारच्या वाडीत सापडले. बागेतील चाळीस झाडांपैकी तीन उरली.

येथे जायफळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बी लावल्यापासून फळ धरण्यास सहा ते आठ वर्षे लागतात, आणि झाड पूर्ण भरात येण्यास वीसएक. शिवाय या वृक्षात नर आणि मादी निराळी असतात. बहुधा फळ मादीलाच येते. आणि बियांपासून वाढविलेले झाड कोणत्या जातीचे, हे त्यास प्रथम फूल येईपर्यंत ओळखता येत नाही. म्हणजे लावणाराने सहा-सात वर्षे पाणी, खत आणि राखण करावी, व त्यानंतर कळावे की अर्धी मेहनत फुलांपुरतीच होती. बाईंनी आयव्हननंतर पन्नाशीत पुन्हा बाग लावली. आम्ही विचारले, इतकी वर्षे थांबायचे, आणि मध्ये पुन्हा वादळ आले तर? त्या म्हणाल्या, "वादळ येणार म्हणून न लावले तर वादळाला यायचीही गरज उरली नाही." हे वाक्य त्यांनी तत्त्वज्ञान म्हणून उच्चारले नव्हते, त्या वेळी त्या जायपत्री सोलून सुपात टाकीत होत्या.

त्याच रात्रीची गोष्ट. त्या मुलखात जूनपासून घरोघर हवामानाच्या बातम्या ऐकण्याचा नेम असतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हवेच्या लाटा पश्चिमेकडे निघतात. बहुतेक नुसता पाऊस देऊन जातात, आणि एखादी ऊबदार समुद्रावर वाटेत बळावत चक्रीवादळ बनते. त्या रात्री अशीच एक लाट महासागरात असल्याचे सांगण्यात आले. पोहोचण्यास पाच-सहा दिवस लागतील, बळावण्याचा संभव थोडा, असे भाकीत होते. बाई बातमी ऐकून उठल्या आणि खिडक्यांच्या झडपांचे अडसर एकेक करून तपासू लागल्या. आदल्याच वर्षी, १ जुलै २०२४ रोजी, बेरिल नावाचे वादळ याच देशाच्या कारियाकू बेटावरून गेले होते व तेथील बहुतेक सर्व घरे त्याने मोडली होती. जूनला निर्धोक समजण्याचे दिवस आता राहिले नाहीत, हे त्यांस ठाऊक होते. आणि आम्ही? आम्ही मनाशी दिवस मोजले. आमचे विमान चौथ्या दिवशी होते. लाट येण्यापूर्वी आम्ही गेलेले असू, हे ध्यानात येताच आम्हांस हायसे वाटले. आणि हायसे वाटले हे समजताच आम्ही शरमलो. समोर एक वृद्ध स्त्री अडसर हलवून पाहत होती, आणि तिच्या अन्नावर तीन दिवस तृप्त झालेले आम्ही मनातल्या मनात परतीचे तिकीट कुरवाळीत होतो.

त्या लाटेचे पुढे काही झाले नाही. नुसता पाऊस पडला, असे मागाहून कळले. परंतु आमच्या प्रश्नाचा निकाल त्यामुळे लागत नाही. प्रश्न असा: ज्या सौंदर्याची किंमत दुसरा भरतो, आणि ज्याच्यापासून आपण केव्हाही निघून जाऊ शकतो, त्याचा उपभोग घेण्याचा आपणांस अधिकार काय? स्वस्त भाडे ही त्या ऋतूतील धोक्याची सवलत होय. पण धोका जिच्या छपरास, सवलत तिच्या पाहुण्यास, अशी ही वाटणी आहे.

पाश्चात्त्य सौंदर्यमीमांसेत या प्रश्नाचे एक सुप्रसिद्ध उत्तर सापडते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उदात्ताचे विवेचन करताना असे म्हटले आहे की कोसळू पाहणारे कडे, गर्जणारे मेघ, ज्वालामुखी, विध्वंस करीत जाणारी वादळे, ही जितकी भयंकर तितकी आकर्षक वाटतात. मात्र पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. हे विवेचन मानसशास्त्रदृष्ट्या अगदी यथार्थ आहे; आमचा स्वतःचा अनुभवच त्याची साक्ष देतो. परंतु त्या ग्रंथापूर्वी अवघी दहा वर्षे, १७८० च्या ऑक्टोबरात, याच बेटांच्या मालिकेत जे महाभयंकर वादळ झाले त्यात वीस हजारांवर माणसे मेली होती, हे स्मरले म्हणजे मनात शंका उभी राहते. सुरक्षित जागा ही उदात्ताच्या अनुभवाची अट असेल. पण ती जागा कोणाच्या वाट्यास येते आणि कोणाच्या येत नाही, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राने नीतिशास्त्राकडे ढकलून दिला, आणि नीतिशास्त्राने तो सहलीचा विषय म्हणून उचललाच नाही.

आपल्याकडील रसविचार येथे थोडा अधिक उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. रस हा केवळ परक्याचा म्हणून तटस्थपणे कळत नाही, तसाच केवळ स्वतःचा म्हणूनही नाही, असे भट्टनायकाने आणि त्याच्यामागून अभिनवगुप्ताने प्रतिपादिले. भय हे नटाचेही नाही आणि माझेही नाही, ते साधारण झाले पाहिजे, तेव्हाच भयानक रसाचा आस्वाद घडतो. म्हणजे प्रेक्षक नुसता सुरक्षित असून भागत नाही. त्याचे हृदय समोरच्या हृदयाशी जुळावे लागते. ही अट मोठी मोलाची आहे. तथापि तिलाही एक मर्यादा आहे, आणि ती त्या घरात आम्हांस दिसली. नाटक संपले म्हणजे प्रेक्षक घरी जातो आणि नटही रंग पुसून घरी जातो. बेटावरील माणसास मात्र रंगभूमी हेच घर असते. आमचे हृदय बाईंच्या भयाशी क्षणभर जुळले असेल; पण अडसर तपासण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले.

यावर आमचे एक अर्थशास्त्रज्ञ स्नेही म्हणाले, "तुम्ही उगाच जीव कष्टी करून घेता. बाईंनी दर सांगितला, तुम्ही दिला. दोघांचेही हित झाले. तुम्ही गेला नसता तर त्यांची खोली रिकामी राहिली असती." हे म्हणणे खरे आहे, आणि ते विसरता कामा नये. नीतीच्या नावाखाली पावसाळ्यात त्या बेटांकडे पाठ फिरविणे म्हणजे हिवाळ्यातच तेवढे नाते ठेवणे. गाडीवाला, कोळी, खोली झाडणारी मुलगी, यांची पोटे बारमाही असतात. तेव्हा जाऊच नये, हा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. पण सौदा परस्पर हिताचा झाला म्हणजे देणे फिटले, असेही होत नाही. किंमत आणि ऋण या दोन निराळ्या वस्तू आहेत. किंमत मोजली की संबंध संपतो. ऋण मानले की संबंध सुरू होतो.

शतपथ ब्राह्मणात मनुष्याची चार ऋणे सांगितली आहेत: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि चौथे मनुष्यांचे. हे चौथे ऋण दुसऱ्यास आसरा व अन्न दिल्याने फिटते. म्हणजे बाई आपले ऋण रोज फेडीतच होत्या. पाहुण्याचे काय? यजमानाने काय करावे हे आपल्या परंपरेने विस्ताराने सांगितले. पाहुण्याच्या धर्माविषयी ती पुष्कळ कमी बोलते. कदाचित त्या काळी गरज नव्हती. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, आणि वाटेतील नदीला पूर आला तर तो यजमानाबरोबरच अडकून पडे. आमची येण्याची तिथी ठरलेली होती, आणि जाण्याचीही.

शिवाय एक गोष्ट आणखी आहे, ती सांगताना लेखणी अडखळते. आम्ही केवळ साक्षी नव्हतो. समुद्राचे पाणी तापले म्हणजे चक्रीवादळास बळ मिळते. आणि ते पाणी तापविण्यात जगभरच्या धुराचा हात आहे, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक असते. महासागर असाधारण तापलेला असताना आलेले बेरिल, नोंदी ठेवू लागल्यापासून अटलांटिकात इतक्या लवकर सर्वोच्च श्रेणीस पोहोचलेले पहिलेच वादळ ठरले. सव्वा लाख माणसांच्या त्या देशाचा धूर तो किती? आम्हांस पुण्याहून तेथवर नेणाऱ्या विमानांचा धूर मात्र आमच्या नावे लिहावा लागेल. ज्या वाऱ्यास भिऊन बाई अडसर लावतात, त्यात आमच्या सहलीचा कणभर का होईना वाटा आहे. कोणत्याही पाहुणघराच्या बिलात ही रक्कम धरलेली नसते.

परतीच्या प्रवासात आम्हांस आमचेच गाव आठवत राहिले. आमचे मूळ घर दापोलीकडचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धनापासून दापोलीपर्यंत माडा-पोफळींच्या बागा झोपल्या. आमच्या चुलतबंधूंची वाडीही गेली. तीत पोफळींच्या सावलीत चार जायफळेही होती. आम्ही त्या वेळी पुण्यास सुखरूप होतो. दूरध्वनीवर हळहळलो, थोडे पैसे पाठविले, आणि पुढल्या वर्षांपासून पुन्हा श्रावणात, "कोकण या दिवसांत काय हिरवे दिसते" असे म्हणत, चार दिवस गावी जाऊ लागलो. बंधू वाढीत, आम्ही जेवीत असू. उन्मळलेल्या झाडांच्या खड्ड्यांत त्यांनी नवी रोपे लावली होती. ती किती वर्षांनी धरतील हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. सात समुद्रांपलीकडच्या एका परक्या बाईंस आम्ही जो प्रश्न विचारला, तो घरच्या माणसास विचारला नव्हता. आपल्याच गावी आपण पाहुणे झालो आहो, हे कळण्यास आम्हांस ग्रेनेडास जावे लागले.

मग पाहुण्याचा धर्म तो कोणता? आम्हांस जे सुचले ते फार थोडे आहे. पावसास दोष मानू नये. तो त्या भूमीचा स्वभाव आहे, आणि आपण तिच्या स्वभावास भेटावयास गेलो आहो. सवलत घेतली तर ती आपल्या चातुर्याची कमाई समजू नये. यजमानाचे भय ऐकून घ्यावे, आणि त्यातून आपली करमणूक करून घेऊ नये. आनंद मात्र टाकू नये. सरोवरावरील ते धुके खरोखरच सुंदर होते, आणि आम्ही खिन्न होऊन बसल्याने बाईंचे एकही कौल शाबूत राहणार नव्हते. सर्वांत शेवटची गोष्ट ही की, निघून आल्यावर विसरू नये. उपभोग घेऊन जो विसरतो तो गिऱ्हाईक. जो आठवण ठेवतो तोच पाहुणा. एवढ्याने ऋण फिटत नाही, हे आम्ही जाणतो. पण जे फिटत नाही ते निदान नाकारू तरी नये.

निघताना बाईंनी आमच्या पत्नीच्या हातावर मूठभर जायफळे ठेवली आणि सांगितले, "ही वादळानंतर लावलेल्या झाडांची." पैसे त्यांनी घेतले नाहीत. सप्टेंबर महिना त्या समुद्रात सर्वांत वाईट, आणि आमच्याकडे तो बहुधा गौरी-गणपतीचा. यंदा पुरणात घालावयास त्यांतले एक जायफळ किसले, तेव्हा घरभर तो वास दरवळला. आम्ही उठून त्या मुलखाचे हवामान पाहिले, मग बाईंस खुशाली विचारणारे पत्र लिहिले, आणि त्याच बैठकीस दापोलीस बंधूंकडेही दूरध्वनी करून विचारले, "जायफळाची रोपे केवढी झाली?" ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "एकाला फूल आले आहे. नर की मादी, ते आता कळेल."